स्वतः जुळवून घेणारी साखळी-करवत : मालकांचा अनुभव

बांधावरची वाळलेली बाभूळ, वळवाच्या वाऱ्यानें आडवा पडलेला निंब, विरळणीस आलेली सागाची रांग, अशा कामांस पूर्वीं कुऱ्हाड, करवत आणि चार गडी लागत. आतां गडी मिळणें दुर्घट झालें आहे, आणि परभणी जिल्ह्यांत गांवोगांव पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत, जिला लोक 'चेनसॉ' किंवा 'कटर' म्हणतात, ती येऊन पोंचली आहे. या करवतींत अलीकडे स्वतःच आपलें मिश्रण जुळवून घेणारा एक भारी प्रकार निघाला आहे. तो घ्यावा कीं न घ्यावा, असें कित्येक शेतकरी बंधु विचारतात. ज्यांच्या घरीं असें यंत्र आहे अशांशीं बोलून जें समजलें तें येथें मांडीत आहों.

जर्मनींतील आंद्रेआस स्टिल यांनीं १९२६ सालीं विजेवर चालणारी आणि १९२९ सालीं पेट्रोलवर चालणारी साखळी-करवत तयार केली. अमेरिकेंतील जोसेफ कॉक्स यांनीं लांकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे न्याहाळून साखळीस तसे दांत दिले व १९४७ सालीं त्यांचा धंदा सुरू केला. आजची साखळी त्याच वळणावर आहे. पुढें सुधारणा होत गेल्या, तरी एक अडचण कायम राहिली. ती कार्बुरेटरची होय.

साध्या करवतीच्या कार्बुरेटरास मंदगतीचा व भरगतीचा असे दोन स्क्रू असतात. त्यांनीं हवेंत पेट्रोल किती मिसळावें तें ठरतें. या इंजिनास निराळें वंगण नसतें. पेट्रोलांत कालविलेलें ऑइल, बहुधा लिटरास २० मिलिलिटर, हेंच त्याचें वंगण. पेट्रोल कमी झालें कीं ऑइलही कमी होतें, आणि पिस्टन तापून सिलिंडरांत धरतो. दुर्दैव असें कीं, मिश्रण पातळ केलें म्हणजे करवत अधिक मोठ्यानें किंचाळते व गड्यास वाटतें कीं यंत्र जोरांत आलें. त्या किंचाळण्यांतच तिचा नाश असतो.

आपल्या जिल्ह्याचें हवामान या अडचणींत भर घालतें. मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या वर जातो, आणि पौषांत पहाटे तो कित्येकदां १० अंशांखालीं उतरतो. उन्हाळ्याची हवा विरळ व हिवाळ्याची दाट असते. म्हणून मे महिन्यांत बरोबर बसविलेला स्क्रू डिसेंबरांत कमी पेट्रोल देऊं लागतो, आणि तोड तर बहुधा हिवाळ्यांतच निघते. गंगाखेडकडील भाड्यानें लांकूड कापून देणाऱ्या एका गृहस्थांचे दोन पिस्टन याच कारणानें गेले.

नव्या प्रकारांत हे दोन स्क्रू नसतात. त्यांच्या जागीं विजेनें उघडझाप करणारी लहान झडप आणि एक चिमुकला नियंत्रक असतो. त्यास वेगळी बॅटरी लागत नाहीं; इंजिनच्या चाकावरील लोहचुंबकापासून वीज मिळते. नियंत्रक क्षणभर पेट्रोल कमी-जास्त करून पाहतो, फेरे वाढले कीं घटले हें मोजतो, आणि त्यावरून योग्य प्रमाण ठरवून तें ध्यानांत ठेवतो. स्टिल कंपनी यास 'एम-ट्रॉनिक' म्हणते. स्वीडनची हुस्क्वर्ना कंपनी, जी १६८९ सालीं बंदुकांचा कारखाना म्हणून निघाली, ती यास 'ऑटोट्यून' म्हणते.

पेट्रोलाची गोष्टही ध्यानांत घेतली पाहिजे. फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल विक्रीस आलें व आतां तेंच सर्वत्र मिळतें. इथेनॉलांत प्राणवायु असल्यामुळें जुन्या स्क्रूवर मिश्रण आपोआप पातळ पडतें. स्टिलच्या पुस्तिकांत हातानें जुळवावयाच्या यंत्रांस १० टक्क्यांपुढें इथेनॉल नको असें सांगितलें आहे. एम-ट्रॉनिकास मात्र २७ टक्क्यांपर्यंत चालतें. आमच्या मतें नव्या प्रकाराचा खरा लाभ येथें आहे. परंतु इथेनॉल पाणी ओढून घेतें, आणि टांकीच्या तळाशीं सांचलेल्या पाण्यावर कोणताही नियंत्रक उपाय करूं शकत नाहीं. मिश्रण थोडें थोडें करावें. करवत ठेवून द्यावयाची असेल तर टांकी रिकामी करून इंजिन आपण होऊन बंद पडेपर्यंत चालवावें.

आतां मालकांच्या तक्रारी. पहिली अशी कीं, आरंभींच्या कांहीं नमुन्यांत तापलेलें यंत्र पुन्हां लवकर सुरू होत नसे. पुढील नमुन्यांत हा दोष बराच कमी झाला. दुसरी, जाळी काळ्या मातीच्या धुळीनें चोंदत गेली तरी नियंत्रक पेट्रोल कमी करून तें निभावून नेतो. म्हणून आजार लवकर कळत नाहीं आणि जोर हळूहळू घटतो. जाळी रोज झाडलीच पाहिजे. तिसरी व सर्वांत मोठी, बिघाड झाल्यास गांवचा मिस्त्री हात टेकतो. दोष शोधण्यास विक्रेत्याकडील खास उपकरण लागतें. जिंतूर तालुक्यांतील एका सागमालकाची करवत ऐन हंगामांत तीन आठवडे दुकानांत पडून राहिली, आणि शेवटीं दोष निघाला तो फुटलेल्या पेट्रोलच्या नळीचा!

तेव्हां निर्णय कामावरून करावा. वर्षांतून आठ-दहा दिवस फांद्या तोडणाऱ्यानें भारी किंमत देऊं नये. त्यानें चांगल्या कंपनीची साधी करवत घेऊन जाणत्या मिस्त्रीकडून हिवाळ्याच्या तोंडीं स्क्रू तपासून घ्यावे. जो रोज कापतो, किंवा पांच-सात शेतकरी मिळून एक यंत्र ठेवतात, त्यास नवा प्रकार परवडतो. कारण हात बदलले तरी मिश्रण बिघडत नाहीं. मात्र दुरुस्तीचें दुकान एका दिवसांत जाऊन येण्याजोगें आहे कीं नाहीं, हें पैसे देण्यापूर्वीं पाहावें.

दोन गोष्टी यंत्राबाहेरच्या आहेत. महसूल खात्यांत आयुष्य घालविल्यामुळें आम्हांस त्या सांगणें भाग आहे. झाड आपल्या सात-बाऱ्यावरचें असलें तरी साग, आंबा, चिंच, मोह इत्यादि झाडें १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्यान्वयें परवानगीवांचून तोडतां येत नाहींत. जलद कापणारी करवत हातीं आली म्हणून अर्ज टळत नाहीं; उलट घटकाभरांत झालेल्या तोडीचा खुलासा पुढें महिनोन्महिने करीत बसावें लागतें.

दुसरी गोष्ट जिवाची. नियंत्रक मिश्रण जुळवितो, माणसाचा हात जुळवीत नाहीं. पट्टीच्या टोंकाची वरची बाजू लांकडास लागली कीं करवत उसळून तोंडाकडे येते. धोतर किंवा लुंगी नेसून, अनवाणी, अथवा शिडीवर उभें राहून ती चालवूं नये. बूट, चष्मा व पायांस जाड संरक्षक वस्त्र असावें, आणि साखळीचा ब्रेक रोज पाहावा. ज्या घरांत नव्या यंत्रासाठीं पैसे निघाले, त्या घरांत बुटांसाठींही निघाले पाहिजेत. पिस्टन नवा मिळतो. पाय मिळत नाहीं.