जमिनीवरची विमानं

विमान बघायचं असेल तर विमानतळावर जाऊ नये, असं माझं मत आहे. तिथं रांगा दिसतात, काचा दिसतात, महागडा चहा मिळतो. विमान मात्र लांबून, काचेआडून आणि घाईत दिसतं. विमान नीट बघायचं तर ते थांबलेलं असावं, जवळ असावं आणि आपल्याला कुठं जायची घाई नसावी. अशा जागा दोनच : विमानाचा कारखाना आणि विमानाचं संग्रहालय. एकात ते जन्माला येतं आणि दुसऱ्यात निवृत्त होऊन बसतं. गेली पंचवीस-तीस वर्षं सवड आणि पैसे जमले, की मी अशा जागा बघायला जातो. कवी माणसाला हा नाद कसा लागला, असं लोक विचारतात. त्याचं उत्तर पन्हाळ्यात आहे.

पन्हाळा समुद्रसपाटीपासून तीन हजार फुटांहून उंच आहे. तीन दरवाजाच्या बाजूला तटावर उभं राहिलं, की घार आपल्या खाली उडताना दिसते. सपाटीवरच्या माणसाला घारीचं पोट दिसतं, आम्हाला तिची पाठ दिसते. वारा दरीतून येऊन कड्यावर आदळतो आणि वर चढतो. त्या चढत्या वाऱ्यावर घार पंख न हलवता दहा-दहा मिनिटं टांगल्यासारखी राहते. पंखांच्या टोकाची पिसं बोटांसारखी उघडते, शेपूट जरा तिरकी करते आणि वळते. आमच्या घरी बोलतात त्या दखनीत घारीला चील म्हणतात आणि माझी दादी विमानाला ‘चीलगाडी’च म्हणायची. ती शाळेत गेली नव्हती, पण शब्द अचूक होता. इंजिनाशिवायचं विमान, म्हणजे ग्लायडर, कड्यावरच्या वाऱ्यावर याच युक्तीनं तरंगतं.

आता एक गोष्ट घरच्या घरी बघा. छताचा पंखा दिवसभर गरगर फिरतो, तरी महिन्याभरानं त्याच्या पात्यांवर धुळीचा थर असतोच. एवढ्या वेगानं हवा कापणाऱ्या पात्यावर धूळ टिकते कशी? कारण पात्याला अगदी लगटून असलेली हवेची पातळ साय पात्याबरोबरच फिरते. पात्याच्या मानानं ती हललेलीच नसते, म्हणून धूळ तिच्या आडोशाला बसून राहते. हवेच्या या सायीचं शास्त्र लुडविग प्रांटल या जर्मन शास्त्रज्ञानं १९०४ साली मांडलं. पंखावरून ही साय सुटली तर विमानाची उचल जाते. विमानाचा पंख नेमक्या त्याच बाकाचा का, त्याची पुढची कड गोलसर आणि मागची धारदार का, याचा उलगडा तिथून सुरू होतो.

हे सांगण्याचं कारण असं, की गटिंगेनमध्ये या प्रांटलच्या हाताखाली शिकलेला एक विद्यार्थी आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातला होता. विष्णू माधव घाटगे. जन्म १९०८ सालचा, गाव गडहिंग्लज तालुक्यातलं हसूरचंपू. जर्मनीतून १९३०च्या दशकात ते डॉक्टरेट घेऊन परतले, तेव्हा देशात विमानाचा कारखाना नव्हता. तो काढला दुसऱ्या एका मराठी मुलखातल्या माणसानं. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांची १९३९ साली परदेशप्रवासात विल्यम पॉली या अमेरिकन विमान-व्यावसायिकाशी गाठ पडली. वर्षभरात, डिसेंबर १९४०मध्ये, म्हैसूर संस्थानाच्या मदतीनं बंगळुरूत ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ कंपनी उभी राहिली. महायुद्ध चालू होतं. १९४१च्या ऑगस्टपर्यंत पहिलं हार्लो जातीचं शिकाऊ विमान तिथं जोडून तयारही झालं. १९४२ साली सरकारनं कारभार आपल्या हाती घेतला आणि पुढं १९६४ साली तिचं आजचं ‘हिंदुस्थान एरोनॉटिक्स’ हे नाव झालं. आपण सगळे तिला ‘एचएएल’ म्हणतो.

घाटगे या कारखान्यात अगदी सुरुवातीच्या इंजिनिअरांपैकी होते. १९४२ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत विमानविद्येचा विभाग सुरू झाला, त्याची उभारणीही त्यांनीच केली. १९५१च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या चमूनं आखलेलं ‘एचटी-२’ हे विमान उडालं. स्वतंत्र भारतात आखलेलं आणि इथंच बांधलेलं हे पहिलं विमान. दोन माणसांचं, पुढं पंखा असलेलं, वैमानिकांना शिकवण्यासाठीचं. अशी दीडशेहून जास्त विमानं बनली आणि घानाच्या हवाई दलानंही ती घेतली. भारतीय वैमानिकांच्या दोन पिढ्यांनी या विमानात धडे गिरवले.

बंगळुरूच्या जुन्या विमानतळ रस्त्यावर, मराठाहळ्ळीच्या वाटेवर, एचएएलचं संग्रहालय आहे. ते २००१ साली सुरू झालं. (मराठाहळ्ळी या नावाच्या अनेक कहाण्या तिथले रिक्षावाले सांगतात. ‘मरुत’ विमानावरून नाव पडलं, ही त्यातली एक. मला ती पटत नाही, पण रिक्षात बसल्यावर वाद घालू नये.) झाडांच्या सावलीत विमानं मांडलेली आहेत आणि त्यांच्या पंखाखाली उभं राहता येतं. एचटी-२ तिथं आहे, शेजारी तिच्याहून कितीतरी दांडगी मरुत, अजित, किरण ही विमानं आहेत. बहुतेक माणसं थेट लढाऊ विमानांकडं जातात, फोटो काढतात आणि वीस मिनिटांत कँटीन गाठतात.

पण मरुतपाशी जरा थांबावं. कुर्ट टँक या नावाजलेल्या जर्मन अभियंत्याला १९५६ साली बोलावून आपण हे लढाऊ जेट आखून घेतलं. १७ जून १९६१ रोजी ते पहिल्यांदा उडालं. आकार बघा : कमरेत बारीक, नाक लांब, पंख मागं ओढलेले. ध्वनीच्या वेगाला मागं टाकण्यासाठीच हा घाट घातला होता. पण त्या ताकदीचं इंजिन आपल्याला शेवटपर्यंत मिळालं नाही आणि पळायला जन्मलेलं हे जनावर आयुष्यभर दुडक्या चालीनं धावलं. तरी १९७१च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर ते उतरलं. त्याचं पहिलं उड्डाण करणारे चाचणी-वैमानिक सुरंजन दास १९७० साली मरुतच्याच अपघातात गेले. बंगळुरूत त्यांच्या नावाचा रस्ता आहे. त्या रस्त्यावरच्या गर्दीत अडकलं, की मला नेहमी ते आठवतात.

संग्रहालयात विमान कसं बघावं, याची माझी एक पद्धत आहे. आधी चाकांकडं बघायचं. टायर किती लहान आणि चाकाचा दांडा किती जाड, त्यावरून उतरताना बसणाऱ्या धक्क्याचा अंदाज येतो. मग रिव्हेटांच्या ओळी. संथ विमानावर रिव्हेटांची डोकी शर्टाच्या बटणांसारखी वर आलेली असतात. वेगवान विमानावर ती पत्र्यात बुडवलेली असतात, कारण तेवढा उंचवटाही त्या हवेच्या सायीला त्रास देतो. मग पंखाची मागची कड बघायची. तिथले हलणारे भाग कुठं संपतात आणि स्थिर पंख कुठं सुरू होतो, ते शोधायचं. सगळ्यांत शेवटी वैमानिकाची जागा बघायची. ती इतकी अरुंद असते, की बघणारा एकदा तरी आपल्या पोटाकडं बघतो.

गोव्याचं नौदलाचं विमान संग्रहालय आम्हा कोल्हापूरकरांना सगळ्यांत जवळ. ते दाबोळीजवळ बोगमाळोच्या वाटेवर आहे आणि १९९८ साली सुरू झालं. गोव्याला जाणारे हजारो लोक त्याच्यासमोरून समुद्राकडं जातात. आत सी हॉक आणि अलिझे ही विमानं आहेत. ‘विक्रांत’ या विमानवाहू जहाजावरून १९७१ साली बंगालच्या उपसागरात उडाली, ती याच जातीची. त्यांचे पंख दुमडतात. जहाजावर जागा कमी, म्हणून पक्ष्यानं घरट्यात पंख मिटावेत तसे ते मिटायचे. शेपटीखाली एक आकडा असतो. जेमतेम सातशे फुटांच्या डेकवर उतरताना तो आडव्या ताणलेल्या तारेत अडकवून विमान थांबवायचं. तो आकडा जवळून बघितल्यावर मला आमच्या विहिरीत पडलेली घागर काढायचा गळ आठवला. घागर निसटली तर पुन्हा गळ टाकता येतो. इथं आकडा निसटला, तर त्याच क्षणी पूर्ण जोर लावून पुन्हा उडावं लागतं.

याच आवारात एक थोराड विमान आहे. चार इंजिनांचं, तीन शेपट्यांचं, डॉल्फिन माशासारख्या पाठीचं. लॉकहीड कंपनीचं सुपर कॉन्स्टेलेशन. एअर इंडियाच्या सेवेत असताना त्याचं नाव होतं ‘रानी ऑफ एलोरा’, म्हणजे आपल्या वेरूळची राणी. आधी प्रवासी, मग हवाई दल, शेवटी नौदल अशा तीन नोकऱ्या करून ते इथं विसावलं. एकेका इंजिनात अठरा सिलिंडर, म्हणजे चार इंजिनांत मिळून बहात्तर. आणि तीन शेपट्या का? शोभेसाठी नव्हेत. तेवढा परिणाम साधायला एकच उंच शेपटी लावली असती, तर विमान त्या काळच्या हँगरच्या दारातून आत गेलंच नसतं. म्हणून उंचीची भरपाई संख्येनं केली.

या राणीची तब्येत मात्र काळजी वाटावी अशी. विमानाचा पत्रा अॅल्युमिनियमचा, पण निव्वळ अॅल्युमिनियम मऊ असतं, म्हणून त्यात तांबं मिसळून ते कणखर करतात. कणखरपणा येतो, पण गंजाशी झुंजायची शक्ती कमी होते. त्यावर उपाय म्हणून वरून शुद्ध अॅल्युमिनियमचा पातळ मुलामा देतात. समुद्रकाठची खारी हवा पत्र्यांच्या सांध्यात आणि रिव्हेटांच्या भोकांत शिरते, जिथं मुलामा नसतो. मग आतून पांढरी भुकटी सुटू लागते. अॅल्युमिनियमच्या भांड्यात लोणचं ठेवू नये, हे आपल्या आया सांगायच्या, ते याचसाठी. रंग वर्षाआड देता येतो, पण सांध्यात शिरलेलं मीठ रंगानं निघत नाही. अशा विमानाला छप्पर हवं, पाऊस आणि वाऱ्यापासून आडोसा हवा. जगातली जाणती संग्रहालयं आपली मौल्यवान विमानं छताखाली घेतात. आपण ती बागेतल्या हत्तीच्या पुतळ्यासारखी उघड्यावर ठेवतो आणि दहा वर्षांनी हळहळतो.

हळहळण्याचा धडा मुंबईनं दिलाच आहे. १९९७ साली निवृत्त झालेली ‘विक्रांत’ २००१ ते २०१२ या काळात मुंबईत तरतं संग्रहालय होती. तिच्या डेकवर उभं राहून मीही समोरचं शहर बघितलं आहे. देखभाल परवडत नाही, जहाज धोकादायक झालं, अशी कारणं पुढं आली. २०१४ साली लिलावातल्या खरेदीदारानं तिची मोडतोड सुरू केली. तिच्या पोलादाचा अंश वापरून २०१६ साली एक मोटारसायकल बाजारात आली, ती आमच्या गडावरही दोघांकडं आहे. लोक टाकीवर हात ठेवून अभिमानानं सांगतात. मला त्यांचा अभिमान खोटा वाटत नाही. पण त्या टाकीकडं बघून विमान जहाजावर कसं उतरायचं, हे पोराला कळणार नाही.

कारखान्याची गोष्ट वेगळी. तिथं तिकीट काढून जाता येत नाही. बारा-तेरा वर्षांपूर्वी नाशिकजवळच्या ओझरला कामगारांच्या एका कार्यक्रमात कविता वाचायला गेलो होतो, तेव्हा रीतसर परवानगीनं थोडा भाग बघायला मिळाला. मोबाइल आधीच दारावर जमा. हा कारखाना १९६४ सालचा, मिग-२१ बांधण्यासाठी काढलेला. सांगाडा ओझरला, इंजिन ओरिसातल्या कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणं हैदराबादला, अशी वाटणी होती. मी गेलो तेव्हा सुखोई-३०ची जोडणी चालू होती.

कारखान्यात मला सगळ्यांत जास्त भावली ती हत्यारांची पेटी. प्रत्येक पाना, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर यांच्या आकाराचा खळगा पेटीत कापलेला. पाळी संपली, की एकही खळगा रिकामा दिसता कामा नये. दिसला तर ते हत्यार विमानात राहिलं असेल, असं धरून शोध सुरू होतो आणि ते सापडेपर्यंत विमान पुढं सरकत नाही. विसरलेला एक पाना उड्डाणात दांड्यांमध्ये अडकला, तर माणूस जातो. दुसरं म्हणजे रिव्हेट मारणारी जोडी. एक जण बाहेरून हवेची बंदूक लावतो, दुसरा आतून लोखंडी ठोकळा दाबून धरतो. मधे पत्रा, त्यामुळं एकमेकांचं तोंड दिसत नाही आणि आवाजात बोलणं ऐकू येत नाही. सगळं काम हाताला जाणवणाऱ्या धक्क्यावर चालतं. एका विमानात असे हजारो ठोके असतात. संग्रहालयात रिव्हेटांच्या ओळी बघताना आता मला त्या ओळीच्या दोन्ही बाजूंची माणसं दिसतात.

मिग-२१ हे विमान आपल्या हवाई दलानं सप्टेंबर २०२५मध्ये चंडीगडला निरोप देऊन निवृत्त केलं. बासष्ट वर्षांची नोकरी. त्यात अपघात झाले, तरुण वैमानिक गेले, त्यांच्या घरच्यांसमोर या विमानाचं कौतुक करताना जीभ अडखळते. पुढच्याच महिन्यात ओझरच्या नव्या जोडणीतून पहिलं ‘तेजस मार्क-१ ए’ उडालं. जुनी विमानं आता भंगारात जातील, काही चौकाचौकांत खांबावर चढवली जातील. खांबावरचं विमान दिसायला झोकदार, पण त्याची चाकं बघता येत नाहीत, रिव्हेट बघता येत नाहीत. त्यातलं एखादं ओझरच्या निवृत्त कामगारांच्या देखरेखीखाली, छपराखाली, पोट उघडून ठेवावं. कुठला दांडा काय हलवतो, हे सांगणारी माणसं अजून हिंडती-फिरती आहेत. आणखी दहा-पंधरा वर्षांनी ती असणार नाहीत.

गेल्या वर्षी गडहिंग्लज तालुक्यातल्या एका शाळेत कविता वाचायला गेलो होतो. कविता झाल्यावर मी मुलांना विचारलं, ‘डॉक्टर घाटगे कोण होते?’ कुणाला सांगता आलं नाही. मग मी पंख्यावरच्या धुळीपासून सुरुवात केली. मुलांनी लगेच वर बघितलं. वर्गातल्या पंख्यावर धूळ होतीच. एचटी-२पर्यंत आलो तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, ‘सर, ते विमान आता कुठं आहे?’

मी म्हटलं, ‘बंगळुरूला. हात लागेल इतक्या जवळून बघता येतं.’

‘एसटीनं किती वेळ लागतो?’

‘संध्याकाळी बसलास तर सकाळी पोचशील.’

तो खाली बसला आणि शेजारच्याशी काहीतरी कुजबुजला. शिक्षकांनी मला नंतर सांगितलं, की सहल दरवर्षी पन्हाळ्यालाच येते, यंदा बंगळुरूचा खर्च काढून बघतो.