पांढरा पडदा आणि कांद्याची चाळ

पडदा लख्ख पांढरा उजळला आहे, पण त्यावर एकही आकडा नाही. वायरी काढून पुन्हा लावल्या, संगणकातून प्रोग्रॅम पुन्हा चढवला, तरी पाटी कोरीच. आर्डुइनोसारख्या छोट्या बोर्डाला टचस्क्रीन जोडू पाहणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला हा प्रसंग कधी ना कधी येतो. अनेक जण इथेच पडदा ‘जळाला’ असं ठरवून नवा मागवतात. प्रत्यक्षात पांढरा पडदा ही निम्मं काम झाल्याची खूण असते.

हा उद्योग आता निव्वळ हौसेचा राहिलेला नाही. नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेमुळे देशातल्या सुमारे दहा हजार शाळांत सहावी ते बारावीच्या मुलांच्या हाती असे बोर्ड आले आहेत. त्यांना कामही गावातच सापडतं. मोसम नदीकाठचं नामपूर घ्या. बागलाण तालुक्यातली ही कांद्याची बाजारपेठ. या पट्ट्यातला उन्हाळ कांदा एप्रिल-मेच्या सुमारास चाळीत जातो आणि भावाची वाट पाहत महिनोन्‌महिने तिथेच राहतो. चाळीतलं तापमान २५ ते ३० अंश सेल्सिअस आणि हवेतली आर्द्रता ६५ ते ७० टक्के असेल तर कांदा चांगला टिकतो. हवा दमट झाली की सड वाढते. फार कोरडी आणि उष्ण झाली की कांदा पाणी गमावतो आणि वजनात घटतो. हे दोन आकडे दाखवणारं, बोटाने मर्यादा ठरवता येणारं आणि ती ओलांडली की पंखा सुरू करणारं यंत्र घरच्या घरी बनवता येतं. मात्र त्याचा पडदा आधी बोलता व्हायला हवा.

उजेड आहे, निरोप नाही

अशा पडद्याच्या मागे एलईडी दिवे असतात आणि पुढे द्रवस्फटिकांचा थर. दिव्यांना वीज मिळाली की ते लागतात. स्फटिकांना आज्ञा मिळालेलीच नसेल, तर या प्रकारचे बरेचसे पडदे सगळा प्रकाश पुढे जाऊ देतात आणि पांढरे दिसतात. म्हणजे वीज पोहोचली आहे, निरोप पोहोचलेला नाही. पडदा पूर्ण काळा असेल तर मात्र शोध उलट्या टोकापासून, दिव्याच्या पिनेपासून सुरू करावा लागतो.

निरोप न पोहोचण्याचं पहिलं कारण अगदी साधं असतं. पिना सोल्डर न करता नुसत्या भोकांत अडकवलेल्या असतात किंवा जोडवायर आतून तुटलेली असते. डोळ्यांना सगळं ठीक दिसतं. मल्टिमीटरची ‘बीप’ दोन टोकांमध्ये वाजते का, हे प्रत्येक वायरीसाठी पाहिलं की अर्ध्या तासाचा वाद दोन मिनिटांत मिटतो.

दुसरं कारण अधिक फसवं आहे. आर्डुइनो उनो ५ व्होल्टवर बोलतो. पडद्यातली चिप ३.३ व्होल्टवर. पडद्याच्या पाटीवर ‘५ व्होल्ट’ असं छापलेलं असतं, म्हणून लोक निर्धास्त होतात. पण ते बहुधा फक्त विजेच्या पिनेपुरतं असतं, निरोपाच्या वायरींना लागू नसतं. काही पडदे अशा जोडणीत मुके राहतात, काही थोडे दिवस चालून बिघडतात. उपाय स्वस्त आहे. प्रत्येक निरोपाच्या वायरीवर १ आणि २ किलो-ओहमचे दोन रोधक विभाजक म्हणून लावले की ५ व्होल्टचे साधारण ३.३ होतात. ईएसपी ३२ सारखा मुळातच ३.३ व्होल्टचा बोर्ड वापरला तर हा प्रश्नच उद्भवत नाही.

तिसरी गोम चिपच्या नावात आहे. बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या दोन पडद्यांपैकी एकात आयएलआय ९३४१ असते, दुसऱ्यात एसटी ७७८९. एकीसाठीच्या आज्ञा दुसरीला दिल्या तर पडदा कोरा राहतो किंवा रंग उलटे होतात. तेव्हा विकणाऱ्याने वेष्टनावर काय लिहिलं आहे त्यापेक्षा प्रोग्रॅममध्ये चिपचं नाव बदलून पाहणं जास्त भरवशाचं.

चित्र उमटलं तरी ते सतत लुकलुकतं, ही पुढची तक्रार. याचं उत्तर गणितात आहे. २४० गुणिले ३२० म्हणजे ७६,८०० ठिपके. प्रत्येकाच्या रंगाला दोन बाइट, म्हणजे एकूण १,५३,६०० बाइट. उनोची कामचलाऊ स्मृती आहे २,०४८ बाइट! पूर्ण चित्र बोर्डात मावतच नाही, ते पडद्याच्या चिपमध्ये साठतं. अशा वेळी दर सेकंदाला सगळा पडदा पुसून नव्याने काढणं म्हणजे एक अक्षर खोडण्यासाठी अख्खी भिंत रंगवणं. बदललेला आकडा तेवढाच पुसावा, लुकलुक थांबते.

बोट इथे, ठिपका तिथे

चित्र दाखवणारी चिप आणि स्पर्श ओळखणारी चिप वेगवेगळ्या असतात, हे अनेकांना ठाऊकच नसतं. त्यामुळे चित्र झकास आणि स्पर्श बंद, असं दिसलं की पडदा सदोष ठरतो. बहुतेक वेळा स्पर्शाच्या, इंग्रजी ‘टी’ अक्षराने सुरू होणाऱ्या पाच पिना जोडायच्याच राहिलेल्या असतात.

१९६५ साली ब्रिटनमधल्या माल्व्हर्न येथील रडार संशोधन संस्थेत ई. ए. जॉन्सन यांनी बोटाने चालणाऱ्या पडद्याची कल्पना मांडली, ती विमान वाहतूक नियंत्रणासाठी. पुढे सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत सॅम हर्स्ट यांच्या कामातून दाबावर चालणारा प्रकार पुढे आला. हौशी बोर्डांसोबत मिळणारे स्वस्त पडदे बहुधा याच जातीचे. वीजवाहक लेप दिलेले दोन पारदर्शक थर, मध्ये बारीक फट. दाबलं की थर टेकतात आणि कुठे टेकले त्यानुसार व्होल्टेज बदलतं. मोबाइलचा पडदा हातमोज्यांना सहसा दाद देत नाही; हा पेन्सिलीच्या टोकालाही देतो. कांदे भरताना धुळीने माखलेल्या हातांना तो जास्त सोयीचा.

स्पर्शाची चिप प्रत्येक दिशेला ० ते ४०९५ यांतला आकडा देते. पडद्याच्या ठिपक्यांशी त्याची सांगड आपोआप बसत नाही. डावीकडे दाबलं आणि ठिपका उजवीकडे उमटला तर घाबरण्याचं कारण नाही. अक्ष उलटा आहे, प्रोग्रॅममध्ये फिरवायचा. चारही कोपरे दाबून आकडे टिपून घ्यायचे आणि त्यावरून मोजमाप जुळवायचं. आकडा कायम ० किंवा ४०९५ येत असेल तर मात्र दोष वायरीत, नाहीतर दोन्ही चिपा एकाच वेळी एकाच वायरीवर बोलू पाहत आहेत. प्रत्येक चिपला निवडणारी वायर वेगळी हवी, आणि एक बोलत असताना दुसरी गप्प हवी.

स्वच्छ अक्षरातला चुकीचा आकडा

टेबलावर नीट चालणारं यंत्र चाळीत गेलं की पंखा सुरू होताच बंद पडून पुन्हा सुरू होतं, हेही नेहमीचं. ईएसपी ३२ वाय-फाय वापरताना क्षणभर काहीशे मिलिअँपिअर ओढतो. बारीक यूएसबी वायर आणि जुना मोबाइल चार्जर तेवढा भार पेलत नाहीत. पंख्याच्या रिलेला वेगळी वीज दिली आणि बोर्डाजवळ एक मोठा कपॅसिटर लावला की बहुतेकदा हा त्रास संपतो.

पण या सगळ्या बिघाडांत एक मोठा गुण आहे: ते दिसतात. शेतकऱ्याचं खरं नुकसान करतो तो न दिसणारा दोष. सेन्सरची वायर निसटते आणि प्रोग्रॅम शेवटचा आकडाच पडद्यावर ठेवून देतो. बाहेर पाऊस, आत सड सुरू, आणि पडद्यावर रात्रभर सुंदर अक्षरांत ‘६८ टक्के’! सेन्सरने उत्तर दिलं नाही तर आकड्याच्या जागी फुली उमटली पाहिजे, हे प्रोग्रॅममध्ये पहिल्या दिवशीच लिहायला हवं.

सेन्सरची निवडही तितकीच महत्त्वाची. सर्वात स्वस्त डीएचटी ११ आर्द्रतेत ५ टक्के इकडे-तिकडे होऊ शकतो. कांद्याला हवा असलेला पट्टाच ६५ ते ७०, म्हणजे जेमतेम पाच टक्क्यांचा. त्याने ६८ दाखवले तर खरा आकडा ६३ असेल किंवा ७३. डीएचटी २२ थोडा महाग, पण अचूकता साधारण २ टक्क्यांची. तोही बोर्डाला चिकटवून ठेवायचा नाही; बोर्ड आणि पडदा तापतात आणि सेन्सर त्यांचंच तापमान सांगू लागतो. लांब वायरीने तो कांद्यांच्या थरात सोडलेला बरा.

आणि खरेखोटेपणा तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. बाटलीच्या झाकणात खाण्याचं मीठ घ्यायचं, चिखलासारखं होईल इतकंच पाणी घालायचं. ते झाकण आणि सेन्सर घट्ट बंद होणाऱ्या डब्यात, मीठ सेन्सरला न लागेल असं, रात्रभर ठेवायचं. नेहमीच्या खोलीच्या तापमानाला डब्यातली आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. सकाळी पडद्यावर ८० दिसले तर प्रोग्रॅममध्ये ५ वजा करायचे, आणि मगच यंत्र चाळीत टांगायचं.