मूळ चित्र कुठे आहे?

२०१७ च्या जूनमध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाच्या वार्षिक अहवालातला एक फोटो गाजला. सीमेवर प्रखर दिवे बसवण्याचे काम कुठवर आले, ते सांगणाऱ्या मजकुराशेजारी तो छापला होता. रात्रीचा अंधार, उंच कुंपण आणि कुंपणाच्या कडेने दूरवर वळत गेलेली दिव्यांची रांग. फोटो भारतातला नव्हताच. आफ्रिकेच्या उत्तर टोकाला सेउटा हे स्पेनच्या ताब्यातले शहर आहे. तिथल्या स्पेन-मोरोक्को सीमेचा तो फोटो एका स्पॅनिश छायाचित्रकाराने २००६ साली काढला होता. २०१७ मध्येच सुरू झालेल्या ‘ऑल्ट न्यूज’ या संकेतस्थळाने हे उघडकीला आणले, आणि त्यासाठी जे साधन लागले ते आज आपल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे. फोटो दाखवायचा आणि तो आणखी कुठे कुठे छापून आलाय ते विचारायचे.

चित्र बदलायची साधने आणि चित्राचा माग काढायची साधने, दोन्ही गेल्या तीस वर्षांत फुकट झाली. पहिली आपण मनसोक्त वापरतो. वाढदिवसाच्या फ्लेक्सपासून व्हॉट्सॲपवरच्या शुभेच्छांपर्यंत त्यांचाच संसार आहे. दुसरी मात्र पत्रकारितेतल्या मोजक्या लोकांपुरती राहिली. ही तफावत मला फार खुपते, कारण माग काढणे हे बदलण्यापेक्षा कितीतरी सोपे काम आहे.

शब्दांवरून चित्र शोधायची सोय आधी आली. फेब्रुवारी २००० मध्ये ग्रॅमी सोहळ्यात जेनिफर लोपेझ हिरवा झगा घालून आली आणि दुसऱ्या दिवसापासून लोक गूगलवर तो झगा शोधू लागले. तेव्हा गूगलकडे दाखवायला नुसते दुवे होते, चित्र नव्हते. ही निकड ओळखून कंपनीने जुलै २००१ मध्ये चित्रशोध सुरू केला, तोही २५ कोटी चित्रांवर. पण इथे शब्द टाकावा लागे, आणि फॉरवर्ड होऊन आलेल्या फोटोबद्दल नेमका शब्दच आपल्याकडे नसतो. २००८ साली टोरांटोच्या आयडे या कंपनीने ‘टिनआय’ आणले. त्यात शब्दाच्या जागी चित्रच टाकता येऊ लागले. गूगलने ही सोय जून २०११ मध्ये दिली, आणि आज ती ‘लेन्स’ या नावाने फोनच्या कॅमेऱ्यात येऊन बसली आहे.

कोट्यवधी चित्रांतून एक चित्र क्षणात कसे सापडते? प्रत्येक कंपनीची आतली रीत धंद्याचे गुपित असते, पण या जातीच्या पद्धतींतली सर्वांत साधी पद्धत कागद-पेन्सिलीने समजावून सांगता येते. फोटो कृष्णधवल करायचा आणि इतका आक्रसायचा की आडवे ९ आणि उभे ८ एवढेच ठिपके उरतील. या ७२ ठिपक्यांत चेहरा ओळखू येत नाही, पण उजेड कुठे आणि काळोख कुठे हे कायम राहते. मग प्रत्येक ओळीत शेजारशेजारच्या ठिपक्यांची तुलना करायची. डावीकडचा उजळ असेल तर १, नसेल तर ०. एका ओळीत आठ तुलना, अशा आठ ओळी. हाती आला ६४ आकड्यांचा एक ठसा. दुसऱ्या चित्राचा ठसा शेजारी ठेवायचा आणि किती जागी आकडे वेगळे पडतात ते मोजायचे. दोन-चार ठिकाणीच फरक असेल तर चित्र तेच, मग मध्ये कुणी ते लहान केलेले असो, फिकट केलेले असो की दहा वेळा फॉरवर्ड होऊन त्याचा दर्जा उतरलेला असो. आज वापरात असलेल्या पद्धती याहून बऱ्याच पुढच्या आहेत. तरी मूळ विचार असाच आहे, तपशील सोडून द्यायचा आणि घडण पकडायची.

यातूनच फसवणाऱ्यांच्या युक्त्याही कळतात. आरशात दिसावा तसा फोटो उलटा केला की डावे-उजवे बदलते आणि हा साधा ठसा चकतो. कडा कापल्या, वर लाल पट्टी टाकून ‘ब्रेकिंग’ लिहिले, तरी शोध भरकटतो. अशा वेळी चित्र बदलायचे साधनच कामाला येते. कुठल्याही फुकटच्या प्रोग्रॅममध्ये फोटो उघडावा, पट्टी कापून टाकावी, फोटो आडवा पलटावा, गर्दीतून एखादी पाटी किंवा इमारतीचा कळस तेवढा कापून घ्यावा आणि पुन्हा शोधावे. कोणता शोध कशासाठी, हेही ठाऊक हवे. लेन्स ‘असेच दिसणारे’ दाखवण्यात पटाईत आहे. साडी दाखवली तर साड्यांची दुकाने काढून देईल. टिनआय तेच चित्र शोधते आणि सापडलेल्या प्रती हव्या तर सर्वांत जुन्यापासून लावून दाखवते. बातमीच्या खरेपणासाठी ही जुनी तारीख लाखमोलाची. आज पूर आला आणि फोटो चार वर्षांपूर्वीच्या पानावर दिसला, तर पुढे वाद घालायला काही उरत नाही.

पुरावरून आठवले. पाण्याखाली गेलेल्या रस्त्यावर मोटारीशेजारी पोहणारा शार्क अनेकांनी पाहिला असेल. तो २०११ मध्ये चक्रीवादळानंतरचा पोर्तो रिकोतला म्हणून फिरला, २०१७ मध्ये ह्यूस्टनचा म्हणून फिरला, आणि अधूनमधून नव्या शहरात उगवतच असतो. मूळ शार्क दक्षिण आफ्रिकेजवळच्या समुद्रातला आहे. थॉमस पेस्चाक या छायाचित्रकाराने २००३ साली एका छोट्या होडीमागे येणारा शार्क टिपला होता. कुणीतरी त्याला होडीपासून वेगळे काढून रस्त्यावर आणून सोडले.

असे वेगळे काढून दुसरीकडे बसवायचे काम एके काळी महागड्या सॉफ्टवेअरचे होते. फोटोशॉप १९९० मध्ये बाजारात आले. पाच वर्षांनी, १९९५ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी अभ्यासाचा प्रकल्प म्हणून एक प्रोग्रॅम लिहायला घेतला. तोच ‘जिम्प’. १९९६ च्या जानेवारीत तो सर्वांसाठी खुला झाला, सोर्स कोडसकट. लिनक्सचे चिन्ह असलेला पेंग्विन लॅरी ईविंग यांनी त्याच वर्षी जिम्पवरच काढला. पुढे ऱ्हिदम अँड ह्यूज या हॉलिवूडच्या स्टुडिओला सिनेमाच्या फ्रेम सुधारण्यासाठी त्याची एक वेगळी शाखा करून घ्यावीशी वाटली. याच स्टुडिओचे काम नंतर मुंबईतूनही चालत असे. ऑस्ट्रेलियातल्या पॉल हॅरिसन यांनी पीएच.डी.च्या संशोधनातून जिम्पसाठी ‘रीसिंथेसायझर’ हे जोडसाधन लिहिले. फोटोतली नको ती वस्तू पुसली की मोकळ्या जागी आजूबाजूचा पोत ते आपोआप विणते. फोटोशॉपमध्ये अशी सोय २०१० साली आली, हॅरिसन यांचे काम त्याच्या कितीतरी आधीचे.

मराठी वाचकाच्या दृष्टीने जिम्पची सर्वांत मोठी देणगी मात्र जिम्पच्या बाहेर आहे. खिडक्या, बटणे, यादी असा सगळा दर्शनी भाग सुरुवातीला दुसऱ्याच्या विकाऊ कोडवर उभा होता. मॅटिस यांना ते पटेना. त्यांनी स्वतःचे कोड लिहिले, त्याचे नाव जीटीके. हे जीटीके पुढे लिनक्सवरच्या ग्नोम या डेस्कटॉपचा पाया झाले. साऱ्या जगाच्या लिप्या तिथे उमटायला हव्यात म्हणून ‘पँगो’ हे मजकूर मांडणारे कोड तयार झाले, आणि त्या परिसरातूनच ‘हार्फबझ’ वाढले. ऱ्हस्व वेलांटी टाइप होते अक्षरानंतर पण दिसायला हवी अक्षराआधी, ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्या’ आपल्या मराठी वळणाने उमटायला हवा, ‘क्ष’ एकसंध दिसायला हवा. हे सगळे हिशेब हार्फबझ करते. आज अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस त्यावर चालतात, आणि खुद्द फोटोशॉपही. ज्यांनी देवनागरी फोटोशॉपमध्ये पूर्वी टाइप केली आहे त्यांना आठवत असेल, वेलांटी भलतीकडे पडायची आणि जोडाक्षरांचे पाय मोडायचे. म्हणून आपल्या डीटीपीवाल्यांनी वर्षानुवर्षे युनिकोड नसलेल्या फाँटांवर काम केले. छपाई सुंदर झाली, पण तो मजकूर शोधयंत्रांना आजही वाचता येत नाही. मराठीतले केवढे तरी लेखन असे फायलींत अडकून पडले आहे.

जिम्पची उणी बाजूही सांगायलाच हवी. छापखान्याला लागणारी चार शाईंची रंगव्यवस्था जिम्पला कधीच नीट साधली नाही. ३.० आवृत्तीत सुधारणा आहे, पण जिम्पमधले काम चालते ते पडद्याच्या तीन रंगांतच. छपाईसाठी चित्र काढायचे असेल तर तितकेच फुकट ‘क्रिटा’ अधिक सोयीचे. जिम्पची ३.० च्या आधीची मोठी आवृत्ती एप्रिल २०१८ ची, ३.० मार्च २०२५ ची. एवढी वर्षे लागली, कारण मूठभर लोक सवडीने हे काम करतात. मराठी भाषांतर आहे, पण अपुरे. मराठीतून शिकायचे असेल तर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाकडे जावे. जर्मनीतल्या ब्रेमेनच्या रॉल्फ श्टाइनॉर्ट यांनी इंग्रजीतून केलेले जिम्पचे धडे तिथे भारतीय भाषांत आणले आहेत. नुसते ब्राउझरवर भागवायचे असेल तर इव्हान कुट्स्किर यांनी एकहाती उभे केलेले ‘फोटोपी’ आहे. ते फुकट असले तरी त्याचे कोड खुले नाही, म्हणून माझा कौल जिम्पला.

हे साधन कशासाठी वापरावे, याचे माझे उत्तर घरोघरच्या जुन्या फोटोंत आहे. समजा एक १९४० च्या सुमाराचा स्टुडिओतला फोटो आहे, पिवळा पडलेला, मधोमध घडीची पांढरी रेघ. जिम्पमध्ये ‘लेव्हल्स’ उघडले की एक डोंगरासारखा आलेख दिसतो. डावे टोक काळ्याचे, उजवे पांढऱ्याचे. विटलेल्या फोटोत दोन्ही टोके मोकळी असतात आणि सगळा डोंगर मधे गोळा झालेला असतो, कारण त्यात खरा काळा उरलेला नाही आणि खरा पांढराही. आलेखाखालचे दोन त्रिकोण डोंगराच्या पायथ्यापर्यंत सरकवले की आजीच्या लुगड्याचे काठ आणि पाठीमागच्या पडद्यावरची वेलबुट्टी वर येते. आपण फोटोत काही घातले नाही, होते ते पसरून दिले. घडीच्या रेघेसाठी ‘हील’ हे साधन आहे. कंट्रोलची कळ दाबून शेजारची धड जागा निवडायची आणि रेघेवर लहान ब्रशने हळूहळू जायचे. रेघ डोळ्यावरून गेली असेल तर मी हात आवरता घ्या असेच सांगेन. हल्ली एका बोटात जुना फोटो रंगीत आणि लख्ख करून देणारी ॲप आली आहेत. ती चेहरा स्वच्छ करत नाहीत, दुसराच चेहरा रचतात. पणजोबांचे डोळे असे कुठून तरी आणून बसवलेले मला अजिबात सोसवत नाही.

यंत्राने रचलेल्या चित्रांपुढे माग काढणारी साधनेही हतबल आहेत. त्यांना मूळ नसतेच, त्यामुळे जुनी प्रत सापडत नाही. गूगलसारख्या कंपन्या आपल्या चित्रांत अदृश्य खूण पेरू लागल्या आहेत, पण खूण न पेरणारे पुष्कळ आहेत. म्हणूनच खरी चित्रे तारखेसह, नावासह, कुणालाही सापडतील अशा जागी असणे आज पूर्वीपेक्षा जास्त गरजेचे झाले आहे. शोधयंत्र तेच शोधते जे कुणीतरी आधी चढवून ठेवलेले आहे. अमेरिकेतल्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने फेब्रुवारी २०१७ मध्ये पावणेचार लाख चित्रे कुणालाही कशासाठीही वापरायला मोकळी केली. आपल्याकडे मळवलीच्या छापखान्यातून निघालेली रविवर्म्याची चित्रे विकिमीडिया कॉमन्सवर सापडतात, पण त्याच काळातल्या मराठी नाटक मंडळ्या, तालमी, गिरणगावातल्या चाळी, गावच्या शाळांचे वर्गफोटो शोधायला गेले की हाताला फार थोडे लागते.

कायद्याची अडचण वाटते तेवढी नाही. आजचा कॉपीराइट कायदा १९५७ चा, अमलात आला जानेवारी १९५८ पासून. त्याआधी काढलेल्या फोटोंना जुन्या कायद्याची मुदत लागू होते, निगेटिव्ह तयार झाल्यापासून ५० वर्षे. ती केव्हाच उलटली, आणि कॉमन्सही याच नियमाने चालते. नव्या फोटोंचे तसे नाही. गूगलवर दिसला म्हणून फोटो आपला होत नाही. कॉमन्सवरचा गडाचा एखादा फोटो छापायचा तर बहुतेक वेळा छायाचित्रकाराचे नाव आणि परवाना द्यावाच लागतो. ‘फोटो सौजन्य : इंटरनेट’ ही ओळ दिवाळी अंकांतून कायमची जायला हवी.

घरच्या ट्रंकेतले जुने फोटो असे सर्वांसाठी बाहेर काढाल तेव्हा ६०० डीपीआयवर स्कॅन करा. मूळ स्कॅन टिफमध्ये जसाच्या तसा वेगळा ठेवा, जी काही दुरुस्ती करायची ती त्याच्या प्रतीवर. व्हॉट्सॲपवरून पाठवायचा तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, एरवी फोटो दाबला जातो आणि फायलीत दडलेली तारखेसारखी नोंद पुसली जाते. आणि मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, पेठेचे नाव, शाईने लिहिलेली तारीख सहसा तिथेच असते.