अकराव्या पेरावर

डोळे मिटून बसायचं असतं. त्या रविवारी मी ते उघडले. तासातली शेवटची पाच मिनिटं उरली होती आणि विपश्यना शिकवणाऱ्या गोएंका गुरुजींचा ध्वनिमुद्रित आवाज, खर्जातला, शब्दाच्या शेवटी लांबत जाणारा, हॉलमध्ये घुमत होता. समोर चटईवर सिस्टर बसल्या होत्या. पाठ ताठ, डावा हात मांडीवर. त्या हाताचा अंगठा हलत होता. करंगळीची तीन पेरं, अनामिकेची तीन, मधल्या बोटाची तीन, तर्जनीची दोन. अकराव्या पेरावर अंगठा थांबला.

विपश्यनेत मोजदाद नसते. जप नाही, माळ नाही, मंत्र नाही. म्हणून तो अंगठा माझ्या डोक्यातून जाईना.

सिस्टर आमच्याच इमारतीत तळमजल्यावर राहतात. सगळी इमारत त्यांना सिस्टरच म्हणते. एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, त्या सरकारी रुग्णालयातल्या कोविड वॉर्डात रात्रपाळीला होत्या. त्याच महिन्यात माझे बाबा गेले, दुसऱ्या एका रुग्णालयात. आत जाता येत नव्हतं. तीन दिवस आम्ही फोन करायचो आणि पलीकडून एकच माणूस सांगायचा, "पेशंट स्टेबल आहे." शेवटच्या दिवशी दुपारीसुद्धा त्याने स्टेबलच सांगितलं. बाबा सकाळी गेले होते.

त्या माणसाचा चेहरा मी पाहिलेला नाही. आवाज मात्र पुढे दोन वर्षं माझ्याबरोबर राहिला. भाजी चिरताना यायचा, लोकलमध्ये यायचा, आणि आला की मानेच्या मागून गरम व्हायला लागायचं.

सिस्टर रात्री शांत झोपतात, असं त्यांच्या सुनेने एकदा सहज सांगितलं. मला त्याचा राग आला होता. इतकं पाहिलेल्या बाईला झोप कशी येते? दर रविवारी संध्याकाळी सहाला त्यांच्या दाराबाहेर पाच-सहा जोड चपला दिसायच्या आणि तासभर आतून आवाज नसायचा. शेवटी मी विचारलं, मी बसू का तुमच्यात? "ये की," त्या म्हणाल्या, "पण आधी दहा दिवस करून ये." सामूहिक साधनेला दहा दिवसांचं शिबिर पूर्ण केलेलाच माणूस बसू शकतो, अशी अट आहे.

म्हणून श्रावणात इगतपुरी गाठली. तिथलं धम्मगिरी हे विपश्यनेचं १९७६ पासूनचं केंद्र. फोन, वही, पेन जमा करायचं. पहाटे चारला घंटा, दिवसाला दहा तासांवर बसणं, अकराला जेवण, पाचला चहा आणि फळ, त्यानंतर काही नाही. दहाव्या दिवसापर्यंत मौन, खाणाखुणासुद्धा नाहीत. शुल्क नाही; आधी बसून गेलेल्यांच्या दानावर नंतरचे जेवतात. कागदावर एवढं कळतं. वास कळत नाही. पावसात न वाळलेल्या शालींचा, दमट आसनांचा आणि गुडघ्यांना चोळलेल्या मलमाचा एकत्र वास हॉलमध्ये कोंडलेला असतो. धुक्यातून रेल्वेच्या शिट्ट्या येतात. कसारा घाटाचा चढ गाडीला एकटीने झेपत नाही, मागून जादा इंजिनं लावून ती इगतपुरीपर्यंत ढकलत आणतात.

पहिले तीन दिवस फक्त नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास पाहायचा. चौथ्या दिवशी लक्ष डोक्यापासून पायापर्यंत फिरवायला शिकवतात, आणि मग सुरू होतं अधिष्ठान: दिवसातून तीनदा, एकेक तास, हात-पाय हलवायचे नाहीत, डोळे उघडायचे नाहीत. माझ्या पुढे एक नऊवारीतली म्हातारी बसायची. पाचव्या दिवशी विसाव्या मिनिटाला माझा उजवा पाय जळायला लागला तेव्हा मी डोळे किलकिले केले. तिची पाठ तशीच होती. ती बाई उठली असती तर मी उठले असते. ती उठली नाही. एकत्र बसण्याचा अर्थ मला त्या पाठीने सांगितला, प्रवचनांनी नाही.

हे संन्याशांचं काम आहे असं समजणाऱ्यांना एक सांगावंसं वाटतं. गोएंकांचे गुरू सयाजी ऊ बा खिन हे ब्रह्मदेशाचे महालेखापाल होते आणि आपल्या कचेरीतल्या लोकांनाच साधनेला बसवत. मंडालेत जन्मलेले गोएंका व्यापार-उद्योगातले. असह्य अर्धशिशी आणि तिच्यासाठी घ्यावं लागणारं मॉर्फिन यांनी पिचून ते १९५५ मध्ये त्यांच्याकडे गेले, आणि १९६९ मध्ये ही विद्या भारतात घेऊन आले. नोकरी, हिशेब, दुखणं सांभाळत करायची ही गोष्ट आहे.

दहाव्या दिवशी सकाळी मैत्री शिकवतात; पुढे सामूहिक साधनेच्या तासातली शेवटची पाच मिनिटं तिच्यासाठीच असतात. मनात जी काही शांतता साठली असेल ती सगळ्यांना वाटायची. ज्यांनी दुखावलं त्यांना क्षमा करायची, ज्यांना दुखावलं त्यांची मागायची. मी आईपर्यंत गेले, भावापर्यंत गेले. मग तो आवाज आला. स्टेबल. मान तापली आणि सगळं तिथेच अडलं. थोड्या वेळाने मौन सुटलं. बायका एकमेकींना नावं-गावं विचारत हसत होत्या. मी खोलीत जाऊन पिशवी भरायला घेतली.

परत आल्यावर सिस्टरना हे सांगितलं. त्यांना काहीच वाटलं नाही. "मग नको करूस मैत्री. अंगात आग असताना ती होत नाही. आधीची पंचावन्न मिनिटं त्यासाठीच असतात. तेवढी कर."

तेव्हापासून मी दर रविवारी ती पंचावन्न मिनिटं करते. गोराईच्या विपश्यना पॅगोडात एकाही खांबाविना उभ्या असलेल्या घुमटाखाली आठ हजार माणसं एकत्र बसू शकतात. इथे आम्ही सहा जण, वर एक कुरकुरणारा पंखा. शेजारी कुकरची शिट्टी होते. कोणी हलत नाही.

त्या दिवशी सगळे गेल्यावर मी अंगठ्याबद्दल विचारलंच. सिस्टर क्षणभर ओशाळल्या.

"नियमात बसत नाही ते. एका रात्रीत अकरा गेले होते गं माझ्या वॉर्डात. नावं आठवत नाहीत, खाटांचे नंबर आठवतात. पाच मिनिटांत अकराही व्हायला हवेत, कोणी सुटायला नको, म्हणून हात धरते."

मग कप विसळता विसळता, माझ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "त्या रात्री फोन घेणारा एकच पोरगा होता. समोर संध्याकाळची यादी. तिच्यावरून तो वाचून दाखवायचा. यादी बदलायला आमच्यातलं कोणी मोकळंच नव्हतं. अकरातल्या किती जणांच्या घरी त्याने स्टेबल सांगितलं असेल, देव जाणे."

मी काही बोलले नाही. बाबांची गोष्ट त्यांना पहिल्यापासून ठाऊक होती. एवढे दिवस त्यांनी हे सांगितलं नव्हतं.

पुढच्या रविवारी तो आवाज आलाच. स्टेबल. मान तापली. किती वर चढते, कुठे थांबते, ते मी पाहत राहिले. या वेळी आवाजामागे एक टेबल होतं, टेबलावर यादी होती आणि दुसरा फोन वाजत होता. मैत्री जमली असं मी म्हणणार नाही. पाच मिनिटं संपली, सगळ्यांनी "साधु, साधु, साधु" म्हटलं, आणि मी डोळे उघडले तेव्हा सिस्टरचा अंगठा अजून तर्जनीच्या मधल्या पेरावर होता.