ताकद त्याची, हुकूम दुसऱ्याचा

सुपरहिरोंच्या कॉमिक्समधला मुख्य खलनायक सहसा स्वतःचे हात मळवत नाही. तो खुर्चीत बसून बेत आखतो. भिंत फोडायची, मोटार उचलून फेकायची, नायकाला जमिनीवर आपटायचं, ही कामं दुसऱ्याची. हा दुसरा अंगानं आडदांड, बोलण्यात तुटक, आणि नजर कायम मालकाच्या चेहऱ्याकडे. गोष्ट मालकाच्या नावावर चालते, पण मुलांच्या डोळ्यांपुढून हटत नाही तो हा गडी.

कथाकाराला तो हवाच असतो. सूत्रधार पाचव्या पानावर नायकाच्या हाती लागला तर गोष्ट तिथंच आटोपली. म्हणून मध्ये कुणीतरी आडवा उभा करावा लागतो, आणि तो नायकापेक्षा बळकट असला तरच रंगत. मग नुसत्या ठोशांनी भागत नाही, नायकाला डोकं चालवावं लागतं.

ऱ्हायनोचं उदाहरण घ्या. 1966च्या ऑक्टोबरमध्ये ‘अमेझिंग स्पायडरमॅन’च्या 41व्या अंकात स्टॅन ली आणि जॉन रोमिटा यांनी त्याला आणलं. परदेशी हेरांनी एक धिप्पाड, बुद्धीनं बेताचा गुंड निवडला, गेंड्याच्या कातडीसारखा अभेद्य पोशाख त्याच्या अंगावर चढवला आणि अंतराळवीर जॉन जेमसनला पळवून आणायला धाडलं. स्पायडरमॅननं पुढे त्याला नमवलं, ते ती कातडी विरघळवणारं रसायन जाळ्यात मिसळून. या कथेत मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती निवडीची अट. बुद्धी बेताची आहे म्हणून तर त्याला निवडलं. मालकाला बळ हवं असतं, बळवंताचे प्रश्न नको असतात.

बेनच्या बाबतीत उलटं घडलं. 1993 साली चक डिक्सन, डग मेंच आणि ग्रॅहम नोलन यांनी घडवलेला हा खलनायक वडिलांची शिक्षा भोगत तुरुंगात वाढतो, तिथंच वाचून शहाणा होतो. बॅटमॅनशी थेट भिडण्याआधी तो शहरातले कैदी मोकाट सोडतो, त्याला दमवतो आणि मगच त्याचा कणा मोडतो. अशा धूर्त माणसाला 1997च्या ‘बॅटमॅन अँड रॉबिन’ चित्रपटात खलनायिका पॉयझन आयव्हीच्या मागं गुरगुरत फिरणारा हुकमाचा गडी करून टाकलं. देह तेवढा ठेवला, मन काढून घेतलं. बेनवर तो अन्यायच झाला. 2012च्या ‘द डार्क नाइट रायझेस’नं त्याला त्याची बुद्धी परत दिली.

नाशिक जिल्ह्यातल्या आपल्या कसमादे पट्ट्याला सुपरहिरो परके नाहीत. देवळ्याच्या शेजारच्या मालेगावात नासिर शेख यांनी सिनेमात स्वतःचा सुपरमॅन उभा केला आणि फैजा अहमद खान यांच्या 2008च्या माहितीपटानं तो दूरवर नेला. त्यातला सुपरमॅन म्हणजे शफीक शेख, अंगानं काडी, यंत्रमागावर काम करणारा. त्याची लढाई घाणीशी आणि तंबाखूशी. तिथं शत्रूला पैलवान पोसावाच लागला नाही. शफीक पुढे तोंडाच्या कर्करोगानं गेले, म्हणून तो शत्रू मला आजही कागदी वाटत नाही.

आडदांड गड्याची ओळख आपल्याला कॉमिक्सच्या फार आधीची आहे. पश्चिमेला सुरगाण्याच्या बाजूला भोवाड्याच्या उत्सवात मुखवटे चढवून रावण, त्राटिका नाचतात. लंकेच्या त्या गोष्टीत कुंभकर्ण आहे, आणि त्याला नुसता झोपाळू, खादाड ठरवून आपण त्याचं मोठेपण घालवलं. वाल्मीकींच्या रामायणात जागा झाल्यावर तो आधी रावणाचे कान उपटतो. चुकलास, सल्ला न घेता वागलास, असं भर दरबारात सुनावतो आणि तरीही लढायला जातो. बिभीषण सोडून गेला, हा थांबला. त्याला सगळं कळत होतं, आणि कळूनही त्यानं आपलं बळ भावाच्या हवाली केलं. ऱ्हायनोच्या मालकांनी जी अट घातली होती, ती इथं मोडीत निघते. म्हणून कुंभकर्णाचं मरण मनाला लागतं.

आणि आता नागराज. 1986 साली दिल्लीच्या राज कॉमिक्सनं काढलेला त्याचा पहिला अंक परशुराम शर्मा यांनी लिहिला. चित्रं होती पुण्याच्या प्रताप मुळीक यांची. अमर चित्र कथेतले देव, वीर आणि राजे ज्या हातानं काढले, त्याच हातानं हा हिरव्या कातडीचा माणूस उभा राहिला. पुढे तो देशातला फार लोकप्रिय सुपरहिरो झाला, त्यामुळे त्याची सुरुवात अनेकांच्या लक्षात नसते. नागराज जन्मला तो नायक म्हणून नव्हे. प्रोफेसर नागमणीनं त्याला गुन्हेगारांना भाड्यानं देण्यासाठी तयार केलं होतं, आणि तो आज्ञेत राहावा म्हणून त्याच्या डोक्यात एक कॅप्सूल बसवली होती. अचाट बळाचा भाडोत्री गुंड, एवढीच त्याची ओळख. पहिल्याच कामगिरीवर त्याची गाठ बाबा गोरखनाथांशी पडते. ते त्याला हरवतात, पण ठार करत नाहीत. त्याच्या डोक्यातली कॅप्सूल काढतात. त्यानंतर नागराज जे करतो, ते स्वतःच्या मनानं.

मराठी वाचकाला इथं गोरखनाथ भेटावेत, याचा मला मनापासून आनंद आहे. ज्यांच्या घरी ‘नवनाथ भक्तिसार’चं पारायण होतं, त्यांना गोरखनाथांची ओळख करून द्यावी लागत नाही. गोरखनाथांचे शिष्य गहिनीनाथ, त्यांचे निवृत्तीनाथ, आणि निवृत्तीनाथांची समाधी आपल्याच जिल्ह्यात, त्र्यंबकेश्वरी.

नागराजसारखी स्वतःच्या मनानं जगायची संधी ऱ्हायनोलाही मिळाली होती. 2001 साली पीटर मिलिगन यांनी लिहिलेल्या एका कथेत शस्त्रक्रियेनं त्याची बुद्धी वाढते. आधी ज्या मुलीवर जीव जडलेला असतो ती मिळते, चारचौघांत मान मिळतो. मग बुद्धी वाढतच जाते, कुणाशी बोलण्यात अर्थ वाटेनासा होतो, जगणं नकोसं होतं. शेवटी तो स्वतःहून पुन्हा पहिल्यासारखं करून घेतो. नागराजच्या डोक्यातून परक्याचा हुकूम निघाला, तेव्हा समोर उभे होते गोरखनाथ. ऱ्हायनोला शहाणपण मिळालं, पण त्या शहाणपणानं जगायचं कसं, हे दाखवायला त्याच्याजवळ कुणीच नव्हतं.