जुनी मोटार पारखून घ्या

मंडळी, बाजारात बैल घ्यायला जाता तेव्हा काय करता? शिंगांचा रंग आणि अंगावरची झूल बघून पैसे मोजता काय? नाही. आधी जबडा उघडून दात बघता. दातांवरून वय कळते. मग अंगावरून हात फिरवता, खूर उचलून बघता. शेवटी त्याला चालवून बघता. लंगडत असेल तर तिथेच कळते.

जुनी मोटार घेतानाही हेच करायचे. आधी वय, मग अंग, मग चाल. फरक एवढाच, की मोटारीचे वय दातांवर नसते, कागदावर असते. म्हणून आधी वाचायचे.

मी स्वतः यात एकदा फसलो आहे. नोकरीतून मोकळा झाल्यावर मी एक जुनी मोटार घेतली. रंग चकचकीत, गाद्या नव्या. विकणारा गोड बोलणारा. “गुरुजी, तुमच्याकडून मी जास्त घेईन का?” असं म्हणाला. मी कागद घडी करून खिशात टाकले. जन्मभर पोरांना वाचायला शिकवले, पण त्या दिवशी स्वतः वाचले नाही. चार महिन्यांनी कर्ज वसूल करणारी माणसे दारात उभी! आधीच्या मालकाने मोटारीवरचे कर्ज फेडलेच नव्हते. तो बोजा कागदावर स्वच्छ लिहिलेला होता. शेवटी ती बाकी मला भरावी लागली. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. तुम्ही तरी शहाणे व्हा.

आधी कागद

मोटारीचा मुख्य कागद म्हणजे आर.सी. बुक. आता ते बहुधा छोट्या कार्डासारखे असते. जमिनीला जसा सातबारा, तसे मोटारीला आर.सी. बुक. सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा असतो, तसा यावरही कर्जाचा बोजा नोंदलेला असतो. बँकेचे नाव दिसले की थांबा. कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला मागा. नुसता दाखला पुरत नाही. आर.टी.ओ. कचेरीतल्या नोंदीतूनही बोजा कमी झाला पाहिजे.

मालकाचे नाव वाचा. समोरचा माणूस तोच आहे का? तो दलाल असेल, तर खऱ्या मालकाला भेटल्याशिवाय पैसे देऊ नका.

नोंदणीची तारीख वाचा. घरगुती मोटारीची नोंदणी 15 वर्षे चालते. पुढे मोटार तपासून घेऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. त्याला खर्च येतो. तो भावात धरा.

आता चॅसिस नंबर. चॅसिस म्हणजे मोटारीचा सांगाडा. अलीकडच्या मोटारींवर हा नंबर 17 अक्षरे-आकड्यांचा असतो आणि तो लोखंडावर ठोकलेला असतो. कुठे आहे ते विकणाऱ्याला दाखवायला सांगा. मग एका हातात कार्ड घ्या, दुसऱ्या हाताचे बोट नंबरावर ठेवा, आणि एकेक अक्षर जुळवा. इंजिनचा नंबरही तसाच जुळवा. एक आकडा जरी वेगळा निघाला किंवा नंबर कानशीने घासलेला दिसला, तर सौदा मोडा. अशी मोटार चोरीची असू शकते.

विमा आणि धुराचा दाखला कधीपर्यंत चालतो, ते पाहा. मोबाईलवर सरकारच्या परिवहन खात्याच्या ठिकाणी मोटारीचा नंबर घातला, की यातले बरेचसे कळते. दंडाची पावती बाकी आहे का, तेही कळते. दंड विकणाऱ्याकडूनच भरून घ्या.

मग अंग

मोटार उन्हात कोरडी बघा. ओल्या अंगावर ओरखडे लपतात. बाजूला उभे राहून पत्र्याकडे तिरपे बघा. एका दाराचा रंग वेगळा दिसला, किंवा दाराच्या फटी कुठे रुंद कुठे अरुंद दिसल्या, तर तिथे मार लागलेला असावा. फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक पत्र्यावरून फिरवा. ते दुसरीकडे चिकटते आणि एकाच जागी चिकटत नाही, तर तिथे रंगाखाली पुट्टी भरलेली असू शकते.

पुरात बुडालेल्या मोटारीपासून जपा. 2019 साली कोल्हापूर-सांगलीला आणि 2021 साली चिपळूणला महापूर आला. पुरात बुडालेली मोटार धुऊनपुसून विकायला आणली, तर वरून कळत नाही. तेव्हा पायाखालची सतरंजी उचला. खाली गाळ किंवा गंज आहे का? कुबट वास येतो का? सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढा. वरचा भाग स्वच्छ आणि आतला मातकट असेल, तर मोटारीत पाणी शिरले होते असे समजा.

टायर बघा. टायर एकाच कडेने झिजला असेल, तर चाकांच्या मांडणीत दोष आहे. टायरवर चार आकडे लिहिलेले असतात. 2319 असेल तर तो टायर 2019 सालच्या 23 व्या आठवड्यात तयार झाला. टायर नवा घातला म्हणून कोणी सांगितले, तर हे आकडे वाचून दाखवा.

किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नका. तो मागे फिरवता येतो. आकडा 40,000 चा, पण ब्रेकच्या पायपट्टीचे रबर पार गुळगुळीत, हे जुळत नाही. सर्व्हिसिंगची जुनी बिले मागा. त्यांवर त्या-त्या दिवसाचे किलोमीटर लिहिलेले असतात. जुन्या बिलावरचा आकडा आजच्या आकड्याहून मोठा असेल, तर लबाडी उघडी पडली.

मग चाल

सकाळी जा. बॉनेटवर हात ठेवा. ते गार पाहिजे. गरम असेल तर मोटार आधीच चालू करून ठेवली आहे. गार इंजिन चालू करताना खोड कळते, ती गरम झाल्यावर लपते.

मागे धूर बघा. निळसर धूर आला तर इंजिन ऑइल जाळते. काळा आला तर इंधन नीट जळत नाही. थंडीत सुरुवातीला थोडी पांढरी वाफ निघते, तिला भिऊ नका. पण इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला, तर आत पाणी जात असावे. हे मोठ्या खर्चाचे काम.

मोटार अर्धा तास उभी करून खाली पुठ्ठा ठेवा. ऑइलचे डाग पडले तर गळती आहे. ए.सी.चे स्वच्छ पाणी पडते, ते चालते.

मग मोकळ्या रस्त्यावर चालवून बघा. ब्रेक दाबल्यावर मोटार एका बाजूला ओढते का? गिअर अडतो का? खडखड कुठून येते? ओळखीचा मेकॅनिक बरोबर न्या. त्याला चार पैसे द्यावे लागले तरी द्या.

शेवटचे काम

पैसे दिले म्हणजे मोटार आपली झाली, असे नाही. नाव बदलायचे फॉर्म 29 आणि 30 विकणाऱ्याकडून सही करून घ्या. कोऱ्या फॉर्मवर सही घेऊ-देऊ नका. घेणाऱ्याने 30 दिवसांच्या आत आर.टी.ओ.कडे कळवायचे असते. विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी 14 दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करा. मोटार परराज्यातली असेल, तर तिथल्या आर.टी.ओ.चा ना हरकत दाखलाही लागतो.

गेल्या वर्षी शेजारच्या भाऊंबरोबर मी मोटार बघायला गेलो. वहिनीही आल्या. त्या आमच्या रात्रीच्या वर्गाला येतात. मी कार्ड त्यांच्या हाती दिले. त्या बोट ठेवून हळूहळू नंबर वाचू लागल्या. विकणारा हसला. वहिनी नवव्या आकड्याशी थांबल्या. म्हणाल्या, “गुरुजी, हिथं सात हाय, कार्डावर एक हाय.”

मग तो हसेना. आम्ही तशीच परतीची एस.टी. धरली.