ठेच्याचे डिप

गेल्या सुट्टीत आजीने कौतुकाने वाढलेला ठेचा आमच्या लेकीने पानातच टाकला. ती पाण्याकडे धावली आणि आजी हिरमुसली.

मुलांनो, पाण्याने तिखट जात नाही. मिरचीतले कॅप्सेसिन पाण्यात फारसे विरघळत नाही. दह्यातले केसीन हे प्रथिन त्याला जिभेवरून सोडवून नेते. म्हणून हे डिप!

२ कप घट्ट दही फडक्यात बांधून ४ तास फ्रिजमध्ये चाळणीवर ठेवा. २ चिरलेल्या हिरव्या मिरच्या व ३ लसूण पाकळ्या आईबाबांकडून चमचाभर तेलात परतून घ्या. २ चमचे दाण्याच्या कुटाबरोबर ठेचून चक्क्यात कालवा. मीठ खातानाच घाला, नाहीतर पाणी सुटते.

गाजराबरोबर खा. यंदा आजीसमोर ठेचा दह्यात कालवा, पण पानात टाकू नका!